जंत औषधाला दाद का देत नाहीत? केंटकी, फलटण आणि नगरचं पठार

थायाबेंडाझोल बाजारात आलं १९६१ साली. मेंढीच्या पोटातला एक जंत त्याला दाद देत नाही, असं सांगणारे पेपर आले १९६४ साली. मधे फक्त तीन वर्षं! नेट किंवा पेटची तयारी करताना 'अँथेलमिंटिक रेझिस्टन्स'ची दोन ओळींची व्याख्या आपण पाठ करतो आणि पुढच्या टॉपिककडे जातो. पण हा विषय व्याख्येपेक्षा इतिहासातून जास्त नीट कळतो, असं माझं मत आहे.

आधी जंताची ओळख करून घेऊ. नाव हिमाँकस कॉन्टॉर्टस. मेंढी-शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खर्ची घालतो. ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत म्हणजे रोज ५० मिली, आणि ३० किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. डोळ्याची आतली पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साचतं, कोकरू असेल तर बघता बघता जातं. मादी दिवसाला पाच हजारांच्या वर अंडी घालते. ती लेंडीतून बाहेर पडतात, ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात त्यांतून संसर्ग करणारी अळी तयार होते आणि गवताच्या पात्यावर चढून बसते.

पाच हजार हा आकडा लक्षात ठेवा. एवढ्या प्रचंड संख्येत एखादा बदललेला जनुक औषध येण्याआधीपासूनच कुठेतरी असतो. औषध तो घडवत नाही, फक्त निवडतं. मुलाखतीत हमखास विचारतात आणि निम्मी मुलं इथेच चुकतात.

पहिली नोंद थायाबेंडाझोलच्याही आधीची आहे. १९५७ साली अमेरिकेतल्या केंटकीमध्ये हॅरॉल्ड ड्रज आणि सहकाऱ्यांनी फिनोथायाझिन या जुन्या औषधाला न जुमानणारा हिमाँकस दाखवला. याच ड्रज यांचं नाव घोड्यांच्या इतिहासातही येतं, आणि तिथे गोष्ट जरा गमतीची आहे. घोड्याचा त्या काळचा मोठा शत्रू म्हणजे स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस. याच्या अळ्या आतड्याच्या धमन्यांत शिरतात आणि घोडा पोटशुळाने मरतो. ड्रज आणि जीन लायन्स यांनी १९६६ साली सुचवलं की सगळ्या घोड्यांना ठरावीक अंतराने, दर दोन महिन्यांनी, डोस द्यावा. जगभर ते उचललं गेलं आणि मोठा जंत खरोखरच हटला. त्याची जागा घेतली लहान स्ट्राँगाइल्सनी, म्हणजे सायथोस्टोमिन्सनी, आणि दर दोन महिन्यांच्या त्याच डोसाने हे लहान जंत निवडून निवडून पक्के केले. पुढे डेन्मार्कने १९९९ साली कायदाच केला की पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय जंताचं औषध मिळणार नाही. डोस कमी झाले, पण काही वर्षांनी तिथल्या संशोधकांना तोच जुना व्हल्गॅरिस जास्त दिसू लागला. कमी डोस की जास्त डोस, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

आयव्हरमेक्टिनची कथा तुम्हाला माहीत असेलच. जपानच्या मातीतला जिवाणू, ओमुरा आणि कॅम्पबेल, २०१५ चं नोबेल. औषध बाजारात आलं १९८१ साली आणि त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांचा हिमाँकस त्यातून वाचू लागला. २००९ साली आलेल्या मोनेपँटेलच्या बाबतीत न्यूझीलंडहून २०१३ सालीच तशी बातमी आली.

भारतात फिनोथायाझिन आणि थायाबेंडाझोल या दोन्हींना न जुमानणाऱ्या हिमाँकसची नोंद वार्ष्णेय आणि सिंग यांनी १९७६ सालीच केली होती. हा प्रश्न परदेशातून उशिरा आपल्याकडे आलेला नाही.

कारण रेणूच्या पातळीवर कळलं १९९४ साली. बेंझिमिडाझोल गटाची औषधं जंताच्या बीटा-ट्युब्युलिन प्रथिनाला चिकटतात. या प्रथिनात २०० व्या जागी फिनाइलअ‍ॅलनिनऐवजी टायरोसिन आलं की औषधाची पकड सुटते. डीएनएत बदल एका अक्षराचा, टीटीसीचं टीएसी. त्यामुळे ज्याच्याकडे साधं पीसीआर मशीन आहे त्याला हा बदल शोधता येतो. मात्र १६७ आणि १९८ या जागाही तपासायला विसरू नका.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, औषध बदलण्याऐवजी मेंढी बदलता येते का हे पाहिलं. सुंदरबनची गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण दमट दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या जंतांसोबत राहिलेली. चंदा निंबकर, प्रदीप घळसासी आणि ऑस्ट्रेलियातल्या सहकाऱ्यांनी दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर करून कोकरांची वाढ आणि जंतांशी टिकाव हे दोन्ही मोजलं. तो पेपर २००३ सालचा. गारोळ रक्ताच्या कोकरांच्या लेंडीत जंतांची अंडी कमी निघाली. (इथे शब्दांचा घोळ होतो. मेंढीची ती प्रतिकारक्षमता आणि जंताचा तो औषध-प्रतिकार. मराठीत लिहिताना दोन्हींना नुसतं 'प्रतिकार' म्हणू नका.)

पण गारोळकडून आणखी एक गोष्ट हवी होती: जुळी देण्याचा फेक-बी जनुक. तो एकच जनुक. डीएनए चाचणीने ओळखायचा, दख्खनीशी पुन्हा पुन्हा संकर करायचा, आणि दर पिढीत तेवढाच जपायचा. जंतांशी टिकाव धरणं मात्र अनेक जनुकांचं काम, त्यामुळे प्रत्येक संकरात त्यातला गारोळ वाटा निम्मा होत जातो. 'नारी सुवर्णा' आज ओळखली जाते ती जुळ्यांसाठी. एकाच प्रयोगातून एक गुण पुढे का जातो आणि दुसरा मागे का पडतो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणि आपल्या नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं काय? दख्खनी मेंढी आणि संगमनेरी शेळी दोन्ही इथल्या, राहुरीच्या कृषी विद्यापीठात दोन्हींवर काम चालतं. जिल्हा एक, पण जंतांच्या दृष्टीने जगं दोन. अकोल्यात घाटमाथ्याला हजारो मिलिमीटर पाऊस, तर पारनेर, कर्जत, जामखेडकडे जेमतेम ५००-६००. पारनेरच्या धनगरांचे वाडे पावसाळा सरला की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

इथे 'रेफ्युजिया' ही कल्पना लागते: डोस देताना जे जंत औषधाच्या तावडीबाहेर असतात ते, मुख्यतः गवतावरच्या अळ्या. पावसाळ्यात रानात त्या भरपूर असतात. डोसातून वाचलेल्या मूठभर जंतांची पिल्लं त्या गर्दीत पातळ होतात. मे महिन्यात पठारावर गवतच नाही, तर अळ्या कुठून? तेव्हा सगळ्या कळपाला डोस पाजला तर जूनच्या पहिल्या पावसात रानात पडणारी अंडी बहुतेक वाचलेल्या जंतांचीच. पश्चिम ऑस्ट्रेलियाने कोरड्या उन्हाळ्यात डोस देऊन हेच अनुभवलं. राजस्थानातल्या अविकानगरच्या शास्त्रज्ञांनी म्हणूनच पावसाळ्याच्या मध्यापासून अखेरीपर्यंत एकच डोस सुचवला. आपल्याकडचा नेहमीचा सल्ला मात्र पावसाळ्यापूर्वी एक आणि नंतर एक असा असतो. कोरडवाहू तालुक्यांत त्यातला पहिला डोस तपासून पाहायला हवा, असं मला वाटतं. कोकणातून परतणारा कळप ओल्या रानातले जंत पोटात घेऊन येत असेल तर हिशेब आणखी बदलतो.

तपासायचं कसं, तर डोसाआधी आणि १०-१४ दिवसांनी मॅकमास्टर स्लाइडवर अंडी मोजायची. १९९२ च्या निकषांनुसार घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी आणि विश्वास-मर्यादेची खालची बाजू ९० च्या खाली, असं दोन्ही असेल तर औषध-प्रतिकार आहे. अडचण अशी की या चाचणीला सुरुवातीलाच ग्रॅममागे किमान १५० अंडी लागतात, आणि कोरड्या मे महिन्यात बहुतेक मेंढ्यांत तेवढी मिळणं कठीण. म्हणजे निवडीचा दाब जेव्हा सगळ्यात जास्त, तेव्हाच ही चाचणी आंधळी! पर्याय म्हणून मेच्या डोसानंतर पहिल्या पावसात लेंड्या गोळा करायच्या, प्रयोगशाळेत अळ्या वाढवायच्या, त्यांतल्या हिमाँकसच्या अळ्यांत २०० व्या जागेची पीसीआर करायची, आणि मेमध्ये डोस न दिलेल्या शेजारच्या कळपाशी ताडून पाहायचं. डोस न देणारा कळप शोधणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम. मेंढपाळाला सहा महिने आधी भेटावं लागतं, आणि त्याचा वाडा तेव्हा कोकणात असतो.