घरच्या माणसांची फिल्म

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'कालिया मर्दन' हा दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा मूकपट. कथा कृष्णाची. पण सुरुवातीला पडद्यावर दिसते ती एक साधी सात वर्षांची मुलगी. कॅमेऱ्याकडे बघत ती चेहऱ्यावरचे भाव बदलत राहते. ही फाळक्यांची लेक मंदाकिनी. मग तीच कृष्ण होते. त्या चार क्षणांपुरता बाप दिग्दर्शक राहत नाही. लेकीचं कौतुक दाखवणारा बाप होतो.

त्यांची सुरुवातही घरातलीच होती. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, पहिले प्रयोग घरच्या मुलाबाळांवर केले. मग कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडंथोडं चित्रण करून रोप वाढताना दाखवलं. 'अंकुराची वाढ' ती हीच. हे पाहून भांडवल देणारा माणूस तयार झाला. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, या कामांत सरस्वतीबाई बरोबरीने होत्या. 'राजा हरिश्चंद्र'मधला रोहिदास म्हणजे त्यांचाच मुलगा भालचंद्र.

सिनेमा असा घरातून बाहेर पडला. तो परत घरात यायला मात्र फिल्म लहान आणि स्वस्त व्हावी लागली. थिएटरातली ३५ मिलिमीटरची फिल्म महाग, त्यात चटकन पेट घेणारी. १९२२ मध्ये फ्रान्सच्या पाथेने साडेनऊ मिलिमीटरची, १९२३ मध्ये कोडॅकने १६ची आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फिल्म काढली. १९६५च्या सुपर ८ने तर फिल्म ओवण्याची कटकटच संपवली. डबी कॅमेऱ्यात सरकवली की झालं. पण एका डबीत जेमतेम सव्वातीन मिनिटं! त्यामुळे बेतानेच चित्रण व्हायचं. मुंज, लग्न, बाळाचं पहिलं पाऊल.

मला विचाराल तर अशा रिळांतला मोलाचा भाग वेगळाच असतो. नवरदेवामागे, चौकटीच्या कडेला, नकळत काय आलंय ते बघावं. यवतमाळकडच्या एखाद्या रिळात ती कापसाने भरलेली बंडी असेल, सारवलेलं अंगण असेल, किंवा कॅमेरा बघून पदर तोंडावर ओढणारी आजी. १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजनने धरणांची उद्घाटनं टिपली, पुढाऱ्यांचे दौरे टिपले. आजीच्या त्या संकोचाची नोंद करायला कुठलं सरकारी खातं येणार होतं?

आता यातली अडचण ऐका. घरगुती फिल्म बहुधा 'रिव्हर्सल' पद्धतीची असे. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली पट्टीच धुऊन थेट पडद्यावर दाखवायची. निगेटिव्ह नाहीच. छायाचित्राची दुसरी प्रत काढता येते, तशी सोय इथे नाही. घरात असलेली ती पट्टी जगात एकुलती एक, आणि दर खेळाला तिच्यावर एखादा ओरखडा वाढायचा.

त्यातून आपला उन्हाळा! पेट न घेणारी ही ॲसिटेटची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने आतून कुजते. डबा उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर समजावं, कुजणं सुरू झालंय. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिने काढलेल्या डब्याची कल्पना करा. कोडाक्रोम फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत होती, तिनेही २०१० च्या अखेरीस ते काम थांबवलं. तेव्हा चित्रण करून न धुतलेलं रीळ असेल, तर त्यातले रंग आता मिळायचे नाहीत.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. पण प्रत्येक घरचा डबा तिथवर पोचणार नाही. तो आधी माळ्यावरून खाली, घरातल्या थंड, कोरड्या कपाटात यायला हवा. जुन्या प्रोजेक्टरवर हौसेने चालवू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्या, आणि नंतरही मूळ रीळ टाकू नका. ही रिळं बहुतेक मुकीच असतात. म्हणून चित्रं उतरली की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला समोर बसवा. ते बोट दाखवून 'ही कोण, तो कोण' सांगतील, तेवढं लगेच लिहून घ्या.