हौदा कोणी बसवला?

‘पिकअप’ हा शब्द आता आपल्याकडे मराठीच झाला आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारा शेतकरी ‘दोघांत मिळून पिकअप केली’ असे म्हणतो, तेव्हा हा शब्द परका आहे असे त्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. पुढे दोन माणसांची जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. तिचा पूर्वज काही वर्षांपूर्वी मला अचानक भेटला आणि त्याच्यामुळे एक प्रश्न मागे लागला. या लेखात तोच मांडायचा आहे.

मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेनसिल्वेनियातील हर्शी या गावी जाण्याचा योग आला. चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९५५पासून जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरतो. सुट्या भागांचा बाजार मैलोगणती पसरलेला असतो, आणि एका बाजूला विक्रीच्या गाड्या रांगेने उभ्या असतात. त्या रांगेत एक काळीभोर फोर्ड मॉडेल टी होती. वर कापडी टप, बाजूंना काचा नाहीत, मागे पत्र्याचा छोटा हौदा. काचेवर कागद चिकटवलेला : ‘पिकअप, १९२५. संपूर्ण जीर्णोद्धार. विक्रीस.’

मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. परदेशी माणसाला रस आहे हे पाहून त्यांनी सगळे उलगडून दाखवले. डाव्या बाजूला दार दिसते, पण ते उघडत नाही. पत्र्यावर दाराचा नुसता आकार उठवलेला. चालकाने उजवीकडून चढून सरकत जायचे. पायाशी तीन पेडल : डावे गिअरचे, मधले मागे जाण्याचे, उजवे ब्रेकचे. वेग वाढवायचा तो हाताने, सुकाणूखालच्या दांडीने. पेट्रोलची टाकी आसनाखाली. पेट्रोल पंपाने नव्हे, उतारानेच इंजिनात उतरायचे. म्हणून टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला की लोक गाडी वळवून उलटी चढवत. “माझे गुडघे आता ही पेडल दाबू देत नाहीत, आणि मुलांना ती चालवता येत नाही,” एवढेच विकण्याचे कारण त्यांनी सांगितले.

आता या गाडीच्या जन्माकडे येऊ. हेन्री फोर्ड हा मिशिगनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९०८मध्ये त्याने मॉडेल टी बाजारात आणली तेव्हा किंमत ८५० डॉलर होती. १९१३पासून हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली, आणि किमती घसरत गेल्या. १९२५ साली दोन आसनांची ‘रनअबाउट’ २६० डॉलरला मिळू लागली. १९२७पर्यंत दीड कोटीहून अधिक मॉडेल टी तयार झाल्या.

गाडी स्वस्त होती, उंच होती, कच्च्या रस्त्यात अडकली तरी निघत होती. शेतकऱ्याने ती घेतली, पण ती केवळ रविवारी चर्चला जाण्यापुरती ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने मागचे चाक जॅकने उचलले, त्याला पट्टा लावला आणि त्यावर लाकूड कापण्याची करवत चालवली, धान्य भरडले, पाणी उपसले. रनअबाउटच्या मागचा सामानाचा कप्पा काढून तिथे फळ्यांची पेटी ठोकली आणि दुधाचे कॅन, कोंबड्यांचे खुराडे, बियाण्याची पोती भरली. जे स्वतः ठोकू शकत नव्हते त्यांना गावातल्या सुताराने पेटी करून दिली. पुढे छोटे कारखानेही तयार पेट्या विकू लागले. १९१७मध्ये फोर्डने एक टनी ‘टीटी’चा सांगाडा बाजारात आणला. पण तो जड कामाचा, आणि शेतकऱ्याला हवी होती मोटार व गाडा या दोहोंच्या मधली वस्तू. ती त्याने आपली आपणच तयार केली होती.

कंपनीला हे मान्य करायला बरीच वर्षे लागली. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने ‘पिकअप बॉडीसह रनअबाउट’ जाहीर केली. किंमत २८१ डॉलर, म्हणजे साध्या रनअबाउटपेक्षा फक्त २१ डॉलर जास्त. हौदा पोलादी, ५६ इंच लांब. मागे उघडता येणारा फाळका, बाजूला खुंट रोवण्यासाठी चार खोबणी आणि मागच्या पाट्यांना जास्त ताकद. पहिल्याच वर्षी सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या. कारखान्यातून तयार निघालेली फोर्डची पहिली पिकअप म्हणून इतिहासात नोंद आहे ती हिची.

मी हे सगळे विक्रेत्या गृहस्थांशी बोलत होतो, तेव्हा ते थोडे थांबले आणि म्हणाले, “खरे सांगायचे तर ही मला मिळाली तेव्हा हा हौदा हिच्यावर नव्हता.” गाडी एका शेतावरच्या गोठ्यात तीसेक वर्षे पडून होती. मागे ओकच्या फळ्यांची, हाताने ठोकलेली पेटी होती, तीही अर्धी कुजलेली. त्यांनी ती काढून टाकली आणि १९२५च्या मापाबरहुकूम पत्र्याचा हौदा बसवला. काळा रंगही मुद्दाम दिला, कारण त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत मॉडेल टी काळ्या रंगातच निघत असे. गाडी मुळात कारखान्याची पिकअप होती की शेतकऱ्याने पेटी ठोकलेली साधी रनअबाउट, हे आता सांगता येत नाही. ही गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे. फाटक्या कापडात गुंडाळलेली एक फळी त्यांनी आसनाखालून काढून दाखवली. तिच्यावर गोल ठसे होते, दुधाच्या कॅनच्या बुडांचे. जुन्या पेटीतले तेवढेच उरले होते.

दोष त्या गृहस्थांचा नाही. हा मेळावा भरवणाऱ्या संस्थेची परीक्षणाची मूळ कसोटीच अशी, की वितरकाने गाडी गिऱ्हाइकाच्या हाती दिली त्या दिवशी ती जशी असू शकली असती, तशी आज दिसावी. म्हणजे गाडीच्या आयुष्यातला पहिला दिवस खरा, पुढची सगळी वर्षे मळ. जुने मूळ भाग जपलेल्या गाड्यांसाठी त्याच संस्थेने वेगळा वर्गही ठेवला आहे. पण मालकाने जुने काही उरू दिले असेल तरच तो उपयोगी.

मला आपली देवळे आठवली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो, फरशी बसते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी झिजलेला उंबरठा निघून जातो. आपण तिथे मूळ रूप झाकून नवे करतो. हर्शीत मूळ रूपासाठी मधले आयुष्य पुसले जाते. वाटा उलट्या असल्या तरी दोन्हीकडे हरवते ती वापरणाऱ्या माणसाची खूण.

आणि पिकअपच्या बाबतीत वापरणारा म्हणजे नुसता वापरणारा नव्हता, तो कर्ताही होता. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. हिंदुस्थानात मॉडेल टी आल्या त्या फोर्डच्या कॅनडातील कंपनीमार्फत, उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या. तेव्हापासून आजतागायत आपल्या रस्त्यांवरची अनेक वाहने परक्या सांगाड्यावर स्थानिक हातांनी उभी राहिली आहेत. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेल्या एसटीच्या बसवरही नाव असते ते सांगाडा करणाऱ्या कंपनीचे.

मोटारींचा इतिहास कारखान्यांच्या कागदांवरून लिहिला जातो, कारण कागद त्यांच्याकडेच असतात. १५ एप्रिल १९२५ ही तारीख म्हणूनच टिकली. त्याआधी कोणत्या शेतकऱ्याने कोणत्या संध्याकाळी पहिली पेटी ठोकली, त्याची तारीख कुठेच नाही. त्याचा पुरावा होता तो त्या फळ्यांत. त्यातल्या बऱ्याच गाड्या राबून संपल्या, कित्येक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात वितळल्या, आणि वाचल्या त्यांतल्या काहींचा पुरावा आपण प्रेमानेच नष्ट केला.

संध्याकाळी निघताना पाहिले, काचेवरचा कागद तसाच होता. गाडी विकली गेली की फळीचे काय करणार, असे मी विचारले. गृहस्थ म्हणाले, घेणाऱ्याने मागितली तर देईन. दिवसभरात ती कोणी मागितली का, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.