नामदेवरायांचे घर

कीर्तन आटोपले, की कडेवर लेकरू घेतलेली एखादी माउली हमखास विचारी, ‘महाराज, या पोरांच्या रगाड्यात देवासाठी वेळ कुठून काढू?’ आमच्या भिवापुरात दिवसभर मिरचीची देठे तोडून आलेल्या बाईचा हा प्रश्न खरा असतो. त्याचे उत्तर नामदेवरायांच्या घरात आहे. मी त्यांचे चरित्र चाळीस वर्षे सांगितले, पण उत्तर मला उशिरा कळले.

नामदेवरायांचा जन्म शके 1192, म्हणजे इ.स. 1270 चा. घर शिंप्याचे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या. शिवाय सुना आणि दासी जनाबाई. एवढ्या माणसांच्या घरात शांतता कुठली असणार? नामदेवराय भजनात रमलेले आणि घरात धान्याची ओढ. गोणाई थेट विठोबाशी भांडली. राजाईने रखुमाईपुढे गाऱ्हाणे मांडले. आपल्या संप्रदायाचा मोठेपणा असा, की ही भांडणे झाकली नाहीत. गाथेत सांभाळून ठेवली.

आता पाहा. ज्या गाथेत आई-आजीची गाऱ्हाणी आहेत, त्याच गाथेत नामदेवरायांच्या मुलांच्या नावाचे अभंगही आहेत. त्या पोरांनी देव कुठे पाहिला असेल? राउळात पाहिलाच, पण आई ज्याच्यावर रागावते आणि आजी ज्याला जाब विचारते, असा घरातला वडीलधारा म्हणूनही पाहिला. जनाबाईंचे दळण-कांडण त्याच घरातले. त्यांना विठोबा दिसला तोही मुलाबाळांनी वेढलेल्या बापासारखा.

चोखोबांचे घरही असेच. परंपरेने त्यांचे जन्मगाव आपल्या विदर्भातले, बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सारेच अभंगकर्ते. कर्ममेळ्याने तर आपल्या हीन ठरवलेल्या जन्माबद्दल देवालाच खडे बोल सुनावले. लेकराचा तो रागही संतवाणीत जपला गेला.

आता माझी चूक सांगतो. सप्ताहामागून सप्ताह करत मी गावोगाव फिरलो. बाळ नामदेवाच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला, हे आख्यान लावले, की मंडपात डोळे पुसले जात. एकदा पहाटे घरी परतलो. धाकटा जागाच होता. म्हणाला, ‘बाबा, इठोबा आपल्या घरी काऊन नाही येत?’ मी थकलेलो होतो. ‘झोप आता,’ म्हणून दटावले. पुढे कळले, की माझ्या माघारी घरची मंडळी रोज दिवेलागणीला पोरांना घेऊन हरिपाठ म्हणत होती. स्वयंपाक करता करता, एकाला जेवू घालत, दुसऱ्याला थोपटत. चाल चुके, मध्येच हसू फुटे. विठोबा घरी येतच होता, मीच नव्हतो.

आज मुले संसारी आहेत. हरिपाठ त्यांना पाठ आहे, तो आईकडून. नात आता माझ्या मांडीवर बसून उलटा टाळ वाजवते. पूर्वी मी ठेका दुरुस्त केला असता. आता तिच्या ठेक्यावर मीच म्हणतो, आणि जे सुख चाळीस वर्षांत मंडपात क्वचित लाभले, ते ओसरीवर रोज लाभते.

शके 1272 मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, नामदेवराय महाद्वारी पायरीशी समाधिस्थ झाले. परंपरा सांगते, की घरची मंडळीही त्यांच्यासोबतच होती. तेव्हा वारीत त्या पायरीवर माथा टेकाल, तेव्हा एका अख्ख्या घराला नमस्कार करता आहात, हे ध्यानी असू द्या. आणि माउली, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच: वेळ वेगळा काढू नका. आज सांजेला लेकराला जवळ घ्या आणि दोघे मिळून नाम घ्या. ते मध्येच काही विचारील. त्याला दटावू नका.

रामकृष्णहरि.