शंभरी गाठेपर्यंत गप्प राहिलेला सैनिक : हॅरी पॅचची गोष्ट

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

आजच्या भागात राजा नाही, सेनापती नाही, तहही नाही. आज आहे एक प्लंबर. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातला, बाथ शहराजवळच्या कूम डाउन नावाच्या खेड्यातला. नाव हॅरी पॅच. जन्म १७ जून १८९८, मृत्यू २५ जुलै २००९. म्हणजे वय वर्षं १११! पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेल्यांपैकी तो शेवटचा ज्ञात माणूस. पण आपण त्याच्याबद्दल बोलतोय ते त्याच्या वयामुळे नाही. युद्धाबद्दल हा माणूस ऐंशी वर्षं एक अक्षर बोलला नाही, आणि शंभरीला आल्यावर बोलायला लागला. म्हणून.

आधी गोष्ट समजून घेऊ. हॅरीचे वडील पाथरवट. खेडं दगडाच्या खाणींचं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा प्लंबिंग शिकायला लागला. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हजारो तरुण रांगा लावून भरती झाले. हॅरी त्यांच्यात नव्हता. त्याला लढायचंच नव्हतं. पण १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीची भरती आणली आणि त्याच वर्षी त्याला बोलावणं आलं. जून १९१७ मध्ये तो फ्रान्सला पोचला. तेव्हा त्याने नुकती एकोणीस वर्षं पुरी केली होती.

त्याला ल्युइस गनच्या टोळीत टाकलं. ल्युइस गन म्हणजे हलकी मशीनगन. एक जण गोळ्या झाडणार, दुसरा तिच्या गोल चकत्या बदलणार आणि बाकीचे तिघं दारूगोळा वाहणार. हॅरी दुसऱ्या नंबरवर. या पाच जणांनी आपसात एक गोष्ट ठरवली होती : टाळता येईल तोवर कुणाला ठार मारायचं नाही. झाडायचीच वेळ आली तर खाली, पायांवर.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बेल्जियममधलं ईप्र शहर आणि त्याच्या ईशान्येला लँगेमार्क नावाचं गाव. १९१७ च्या ३१ जुलैपासून १० नोव्हेंबरपर्यंत इथे जी लढाई झाली, तिला पॅशनडेल म्हणतात. सखल जमीन. तोफांच्या माऱ्याने पाण्याचे सगळे चर, नाले फुटलेले. त्यात पाऊस. चिखल असा की जखमी माणसं त्यात बुडून मेली. दोन्ही बाजूंचे मिळून काही लाख सैनिक ठार किंवा जखमी झाले, आणि आघाडी सरकली ती काही किलोमीटर.

याच लढाईत, ऑगस्टमध्ये, एक जर्मन सैनिक संगीन रोखून हॅरीच्या अंगावर धावून आला. हॅरीच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं. पहिली गोळी खांद्यावर. तरी तो येतच राहिला. आता छातीत गोळी घालायची की नाही, हे ठरवायला हॅरीकडे चार-पाच सेकंद होते. त्याने पायावर मारली. तो जर्मन पडला, पण मेला नाही. शंभरी ओलांडल्यावर हॅरी आजोबा ही गोष्ट सांगायचे. तो माणूस पुढे आपल्या घरी परतला असेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आणि मग आली २२ सप्टेंबर १९१७ ची रात्र. टोळी आघाडीवरून मागे येत होती. डोक्यावर तोफगोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघंही जागीच गेले. हॅरीच्या ओटीपोटात गोळ्याचा तुकडा घुसला. डॉक्टरांकडे भुलीचं औषध संपलेलं. चौघांनी हातपाय धरले आणि तुकडा तसाच काढला. हॅरीचं युद्ध तिथेच संपलं.

पुढचं आयुष्य वरून पाहिलं तर अगदी साधं आहे. १९१९ मध्ये लग्न, दोन मुलं, प्लंबिंगचा धंदा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या एप्रिलमध्ये बाथवर बॉम्ब पडले तेव्हा चाळिशी ओलांडलेला हॅरी आग विझवणाऱ्यांत होता. १९६३ मध्ये निवृत्ती. या सगळ्या काळात युद्धाचा विषय बंद. बायकोशी नाही, मुलांशी नाही. युद्धावरचे सिनेमेसुद्धा बघायचा नाही.

मग १९९८ साल आलं. युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं होत होती. बीबीसीच्या माहितीपटासाठी लोक म्हाताऱ्या सैनिकांचा शोध घेत होते. हॅरी आजोबा तेव्हा वेल्स या छोट्या शहरातल्या वृद्धाश्रमात राहत होते. त्यांनी होकार दिला. आपल्यासोबतचे एकेक जण चाललेत, आपणही गेलो तर त्या तिघांबद्दल सांगणारं कुणी उरणार नाही, हे त्यांना कळत होतं.

आता गंमत बघा. ते बोलायला लागले, पण लोकांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी सांगितलंच नाही. शौर्याच्या कथा नाहीत. युद्ध म्हणजे कायद्याने मंजूर केलेली कत्तल, असं त्यांचं मत. दरवर्षी ११ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये मोठा स्मृतिदिन होतो. तो त्यांना दिखाऊ वाटायचा. त्यांचा स्मृतिदिन वेगळा होता : २२ सप्टेंबर.

२००४ मध्ये त्यांची भेट चार्ल्स कुएंट्स यांच्याशी झाली. हे अल्सासचे, जर्मन बाजूने लढलेले, वय १०७. दोघांनी हात हातात घेतले. २००८ मध्ये हॅरी आजोबा पुन्हा लँगेमार्कला गेले आणि आपल्या पलटणीने जो ओढा ओलांडला होता, त्याच्या काठावर स्मारकशिला बसवली. त्यांची अंत्ययात्रा वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये झाली तेव्हा शवपेटीसोबत बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचेही सैनिक होते. कुणाच्याच हातात शस्त्र नव्हतं. ही त्यांचीच इच्छा.

तुमच्यातले काही जण म्हणतील, शंभराव्या वर्षी सांगितलेली आठवण कितपत खरी मानायची? प्रश्न रास्त आहे. इतक्या वर्षांत आठवण घासली जाते, नंतर वाचलेलं-ऐकलेलं तिच्यात मिसळतं. म्हणून इतिहासकार अशी मुलाखत घेतात आणि शेजारी पलटणीची रोजनिशी उघडून ठेवतात. आघाडीवरच्या प्रत्येक ब्रिटिश पलटणीला रोजची नोंद ठेवावी लागे : कुठे होतो, काय झालं, किती गेले. तारखा, जागा त्यातून पडताळता येतात. पण पाच पोरांनी आपसात काय ठरवलं होतं, हे कुठल्याच रोजनिशीत मिळत नाही. ते फक्त माणूस सांगू शकतो.

आता थोडं आपल्याकडे येऊ, कारण लँगेमार्कशी आपलाही संबंध आहे. हॅरीच्या दोन वर्षं आधी, एप्रिल १९१५ मध्ये, याच परिसरात जर्मनांनी विषारी वायू सोडला. त्यानंतर चार दिवसांनी लाहोर डिव्हिजनच्या हिंदुस्थानी सैनिकांनी तिथे हल्ला चढवला. त्यातल्या जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ईप्रच्या मेनिन गेटवर बेपत्ता सैनिकांची नावं कोरलीत, त्यात हिंदुस्थानी नावंही आहेत. इकडे ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूटच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो सैनिक कैदेत गेले. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला माहीत असेल. त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या युद्धात मेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांचा एकूण आकडा ७४ हजारांच्या घरात जातो.

आकडे आहेत. आवाज? बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला युद्धकैद्यांची छावणी होती. तिथे जर्मन भाषातज्ज्ञ कैद्यांचे उच्चार ध्वनिमुद्रित करत. डिसेंबर १९१६ मध्ये माल सिंग नावाचा पंजाबी सैनिक त्या यंत्रासमोर उभा राहिला. मिनिट-दीड मिनिटाचं बोलणं. तो स्वतःबद्दल ‘एक माणूस होता’ अशा पद्धतीने सांगतो. हिंदुस्थानात लोणी खाणारा माणूस, जो आता इथे अडकलाय आणि घरी जायचं म्हणतोय. जर्मनांना त्याची भाषा हवी होती, त्याच्या मनातलं नाही. तरी त्याने मनातलंच सांगितलं. शंभर वर्षांनंतर आपण ते ऐकू शकतो ते त्या यंत्रामुळे.

ते यंत्र आज तुमच्या खिशात आहे. १९७१ च्या युद्धात जे विशीत होते, ते आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. १९६५ वाले त्याहून थकलेत. तुमच्या गावात, भावकीत कुणीतरी असेलच. ‘फौजी आबा’ म्हणून सगळे ओळखतात, पण पलटण कुठली हे कुणाला माहीत नसतं.

जाऊन बसा त्यांच्याजवळ. ‘किती मारले?’ हे विचारू नका. हॅरी आजोबांना तेच विचारत राहिले असते तर ते पुन्हा गप्प झाले असते. पहिला पगार किती होता, तो कुणाच्या हातात दिला? घरचं पत्र किती दिवसांनी यायचं? शेजारच्या खाटेवर कोण झोपायचं? ट्रंकेतली कागदपत्रं त्यांच्या परवानगीने बघा. पदक असेल तर त्याची कड नीट पाहा, बऱ्याच पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. फाइलला नाव देताना तारीख आणि गाव लिहा, आणि एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. आबा बोलले नाहीत तर जबरदस्ती नको. चहा प्या, परत या, पुढच्या सुट्टीत पुन्हा जा.

पुढच्या भागात कूटच्या वेढ्याबद्दल सविस्तर बोलू : दाणागोटा कसा संपला, घोडे मारून खायची वेळ कशी आली आणि मराठा पलटणींनी ते दिवस कसे काढले. तोवर भेटत राहू, ऐकत राहू.