पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह : एक सांस्कृतिक शेजार

राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. या नाट्यगृहास लागूनच खासबागचे कुस्ती मैदान आहे. संगीत नाटकाचा रसिक आणि कुस्तीचा शौकीन हे दोन निराळे वर्ग मानण्याची रीत अभ्यासकांत रूढ आहे; कोल्हापुरात मात्र दोघांची वाट बहुधा एकच होती. दोहोंना आश्रयही एकाच राजाचा. म्हणून या वास्तूचा इतिहास केवळ नाट्यप्रयोगांच्या नोंदींवरून लिहिणे अपुरे ठरते.

पुढे नाट्यगृहास नाव मिळाले ते राजाचे नव्हे, नटाचे. केशवराव भोसले (१८९०-१९२१) हे कोल्हापूरचेच. १९०८ मध्ये हुबळीस त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापिली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांसह संयुक्त ‘मानापमान’ सादर केले.

९ ऑगस्ट ही त्यांची जयंती. तिच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, लागलेल्या आगीत नाट्यगृहाचे छत, रंगमंच व प्रेक्षागृह जळाले. खासबाग मैदानाचा मंचही त्याच आगीत गेला, इतका हा शेजार निकटचा होता.