बी मेरी अ‍ॅनचं, नाव ब्रॅमलीचं

आज गोष्ट एका सफरचंदाची. आपल्या बाजारातलं लाल, गोड सफरचंद नव्हे. हे हिरवं, मोठं आणि कच्चं खाल्लं तर दात आंबवणारं. पण शिजवलं की अगदी मऊ होऊन विरघळतं. इंग्लंडात घरोघरी पाय आणि सॉससाठी हेच वापरतात. नाव ब्रॅमली.

1809 साली नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. रायवळ आंब्याची कोय लावली की फळ कसं निघेल सांगता येत नाही, तसंच सफरचंदाचं. त्यातलं एक रोप वाढलं. मेरी अ‍ॅन लग्न होऊन घर सोडून गेली, झाड मागे राहिलं.

1846 साली ते घर मॅथ्यू ब्रॅमली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर हा सतरा वर्षांचा मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला. त्याच्या घरची रोपवाटिका होती. ब्रॅमली म्हणाला, ने, पण फळाला माझं नाव द्यायचं. झालं! मेरी अ‍ॅन त्याआधीच, 1852 साली वारली होती. गटाच्या वह्या तपासताना माझी नजर आधी नावांच्या रकान्यावर जाते, म्हणून असेल, मी या गोष्टीत इथेच अडकले. बी लावणारी एक, नाव घर विकत घेणाऱ्याचं.

मेरीवेदरच्या हिशेबात पहिली विक्री 31 ऑक्टोबर 1862 ची आहे : तीन ब्रॅमली, दोन शिलिंग. 1876 साली लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या फळ समितीने या फळाची प्रशंसा केली आणि मागणी वाढली.

लागवडीत एक अडचण आहे. या झाडाचा पराग दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि स्वतःला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणून बागेत एकच दुसरं झाड लावलं, तर ब्रॅमलीला फळं येतील, पण त्या सोबत्याला पराग कोण देणार? त्यासाठी एकाच वेळी फुलणारी वेगळ्या जातींची दोन झाडं जवळ लावतात. शिवाय झाड जोमदार, जागा भरपूर खातं.

मूळ झाड 1900 च्या वादळात आडवं पडलं आणि तिथूनच पुन्हा फुटलं. अलीकडे त्याला मुळं कुजवणाऱ्या बुरशीने घेरलं. पण आज जिथे जिथे ब्रॅमली आहे, तिथलं झाड याच झाडाच्या काडीवरून पुढे आलेलं आहे.