सावकार, कायदा आणि पुरंदरची पेढी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेनें कात्रजच्या घाटाच्या पायथ्याशीं आलें म्हणजे एक तळें लागतें. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत तें बांधण्यांत आलें व तेथून भूमिगत नळानें पुण्यांतील हौदांस पाणी पोंचविलें गेलें. वाटेवर ठिकठिकाणीं उभारलेले उच्छ्वास अभ्यासकांना ठाऊकच आहेत. तहान लागण्यापूर्वीं केलेला हा खर्च होता. याच डोंगराच्या आग्नेयेस पुरंदर तालुका पसरला आहे. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशाच एका तरतुदीची योजना निघाली होती. मात्र ती पाण्याची नसून पैशाची होती. ती कागदावरच राहिली. तिचा वृत्तांत आज सांगावयाचा आहे.

त्यासाठीं प्रथम सुप्यास गेलें पाहिजे. सुपें हें भीमथडी तालुक्यांतील मोठ्या बाजाराचें गांव. 12 मे 1875 रोजीं तेथें शेतकऱ्यांचा जमाव जमला आणि त्यानें गुजर व मारवाडी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढील कांहीं दिवसांत पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत हेंच लोण पसरलें. या दंग्यांचें एक वैशिष्ट्य असें कीं जीवहानि अत्यल्प झाली. जमावाला हवीं होतीं तीं कर्जखतें. सावकारानें खत हवालीं केलें कीं पुष्कळ ठिकाणीं जमाव परत फिरे. नाहीं केलें तर घरावर संकट येई. आपला शत्रु कागद आहे, हें त्या निरक्षर माणसांनीं बरोबर ओळखलें होतें.

कागदाला एवढें बळ आलें कोठून? पूर्वींही सावकार होता व कर्जही होतें. पण गांवांत राहून वसुली करावयाची असल्यामुळें त्याला गांवाची भीड बाळगावी लागे. दिवाणी न्यायालयें आलीं आणि सावकाराला भिडेची गरज उरली नाहीं. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु कुळाच्या हिताचा होता. प्रत्यक्षांत असें झालें कीं दर तीन वर्षांनीं मुद्दल व थकलेलें व्याज एकत्र करून नवें खत लिहून घेण्याची वहिवाट पडली, आणि व्याजावर व्याज चढूं लागलें. मग अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें 1861 ते 1865 या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानें हात सैल सोडला. युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास साऱ्याची फेरआकारणी होऊन कित्येक गांवांचा सारा अर्ध्याहून अधिक वाढला. सारा भरण्यास कर्ज हवें, आणि सावकार तर हात आंखडून बसलेला!

सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला. त्यानें नगर जिल्ह्यांतील बारा गांवें बारकाईनें तपासलीं, तेव्हां सुमारें एकतृतीयांश खातेदार कर्जबाजारी आढळले. दर खातेदारामागें सरासरी 371 रुपयांचें कर्ज होतें. तें त्यांच्या साऱ्याच्या जवळजवळ अठरापट होतें. शहरांतील सुशिक्षितांची त्या काळीं अशी समजूत होती कीं शेतकरी लग्नाच्या जेवणावळींत बुडतो. ही समजूत अद्यापही पुरती गेलेली नाहीं! आयोगाला आढळलें तें निराळें. लग्नखर्चापेक्षां धान्य, बीं, कापड आणि साऱ्याचा हप्ता यांसाठीं वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमाच अधिक घातक ठरत होत्या. म्हणजे हें कर्ज बव्हंशीं पोटाचें होतें.

याच्या पाठोपाठ 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला आणि 1879 च्या प्रारंभीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. त्याच वर्षीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं संमत झाला. त्या काळच्या मानानें तो धाडसाचा होता. खतावर लिहिलेला आंकडा प्रमाण न मानतां व्यवहार मुळापासून उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणें बंद झालें. जमीन खास गहाण नसेल तर विकतां येईना. सावकारानें पावती व हिशेब दिलाच पाहिजे असें ठरलें. नोंदलेल्या खताची मुदत बारा वर्षें झाली. दावा न्यायालयांत जाण्यापूर्वींच मिटावा म्हणून गांवोगांवीं समेट घडविणारे नेमण्यांत आले व क्षुल्लक दाव्यांसाठीं ग्राममुनसफ आले. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या खात्यांत अनेक वर्षें काम केलें व पुढें ते तेथील विशेष न्यायाधीश झाले.

या तरतुदींपैकीं समेटाची तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. तंटा पिकण्यापूर्वींच तो गांवांत मिटविणें, हें आजच्या भाषेंत प्रतिबंधक काम. पण कर्ज फिटलें तरी पुढच्या मृगास बीं कोठून आणावयाचें, याचें उत्तर समेट घडविणाऱ्यापाशीं नव्हतें, न्यायाधीशापाशीं नव्हतें व कायद्यांतही नव्हतें. सावकाराचे हात बांधले गेले, दुसरा हात पुढें आला नाहीं. कर्ज देणाराला धोका वाढला म्हणजे तो कर्ज देणें थांबवितो किंवा पळवाट शोधतो. येथें दोन्ही झालें. गहाणखताऐवजीं सरळ खरेदीखत लिहून घ्यावयाचें आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देऊं असें तोंडानें सांगावयाचें, अशी रीत पडली. पुढें कायद्यांत दुरुस्ती करून असा तोंडी करारही न्यायालयानें पाहावा असें ठरवावें लागलें. सरकारनें 1883 व 1884 मध्यें तगाईचे दोन कायदे केले. पण तगाईचा अर्ज, चौकशी व मंजुरी होईपर्यंत पेरणीचा हंगाम कोणासाठीं थांबतो?

ही उणीव ज्यांनीं वेळींच पाहिली त्यांत विल्यम वेडरबर्न हे प्रमुख होत. पुण्यास जिल्हा न्यायाधीश असतांना त्यांनीं पुण्यांतील पुढाऱ्यांच्या व धनिकांच्या साह्यानें शेतकी पेढीची योजना आंखली. प्रयोगासाठीं निवडला पुरंदर तालुका. सरकारनें प्रथम रक्कम पुढें करून तालुक्यांतील जुनीं कर्जें तडजोडीनें फेडावीं. नंतर पेढीनें माफक व्याजानें नवें कर्ज पुरवावें. आणि पेढीची वसुली सरकारी यंत्रणेमार्फत व्हावी, असा तिचा गाभा होता. भांडवल पुण्याचेच लोक उभारणार होते. हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण शहरांतील ठेव आणि खेड्यांतील गरज यांची गांठ कायदेशीर मार्गानें घालण्याचा आपल्याकडील तो एक पहिला गंभीर प्रयत्न होता.

मुंबई सरकारनें विचार केला, हिंदुस्थान सरकारनें 1884 मध्यें अनुकूल शिफारस करून कागद विलायतेस पाठविले. तेथें भारतमंत्र्यांच्या कचेरीनें शंका काढल्या आणि अखेर संमति नाकारली. कायदा करण्यास खजिन्यांतून विशेष कांहीं जात नाहीं, पेढीला जातें, एवढाच अर्थ एखादा पुणेरी कारकून त्या नकारांतून काढता, तर त्याला फारसें चुकीचें म्हणतां आलें नसतें. 1891 मध्यें पुण्याच्या औद्योगिक परिषदेंत रानड्यांनीं जमिनीच्या पतीच्या पुनर्रचनेवर निबंध वाचला आणि युरोपांतील पेढ्यांचे दाखले देऊन हीच गोष्ट पुनः मांडली. ऐकणारे होते, पैसा देणारें सरकार नव्हतें.

सुप्याच्या दक्षिणेस मात्र एक तरतूद झाली होती. नीरेचा डावा कालवा 1885 मध्यें सुरू झाला आणि बारामतीकडील जमिनीस पाणी मिळालें. ज्या जमिनीला पाणी, तिला पतही मिळते. सुप्याचा माळ उंचावर असल्यामुळें कोरडाच राहिला.

सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला 1904 मध्यें. पुरंदरची योजना विलायतेस गेल्यावर मधें वीस वर्षें लोटलीं होतीं, आणि त्या वीस वर्षांत 1896-97 चा दुष्काळ, त्याच सुमारास प्लेग व 1899-1900 चा दुष्काळ पुणें जिल्ह्यावरून गेले होते. सावकारास परवाना घेण्यास लावणारा मुंबईचा कायदा 1946 चा, आणि त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा कायदा 2014 चा. पुरंदर, भोर, दौंड या तालुक्यांतील शेतकऱ्यांचें दूध गोळा करणाऱ्या जिल्हा सहकारी संघाची डेअरी कात्रजलाच आहे. दुधाचा पैसा ठराविक मुदतीनें घरीं येतो, आणि वाण्याची उधारी बहुधा त्यांतूनच फिटते.